मुलांचे पहिले वाचन : घरचा पाठ



मागील एका उत्सवप्रसंगी आमच्या मंदिरात एक साधीच गोष्ट घडली. कार्यक्रमाची छापील पत्रिका एका आजोबांच्या हाती आली. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून त्यांनी ती शेजारी बसलेल्या नातवापुढे धरली. मुलगा नऊ वर्षांचा, शाळेत हुशार, बोलण्यात चुणचुणीत. त्याने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि शुद्ध मराठीत सांगितले, "आजोबा, मला मराठी येते, पण वाचता येत नाही." आजोबांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. एकाला अक्षर येत होते, पण दिसत नव्हते. दुसऱ्याला दिसत होते, पण येत नव्हते. त्या दोघांच्या मध्ये आपली मराठी न वाचता तशीच पडून राहिली.

हा प्रसंग त्या एका घराचा नव्हे. आपणांपैकी अनेकांच्या घरी हेच घडत आहे. मुले घरात मराठी बोलतात, परंतु आजीच्या हातची पाककृतींची वही, गावाकडून आलेले पत्र, कपाटातील पुस्तके ही सर्व त्यांच्या दृष्टीने मुकी आहेत. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपणां सर्वांस आनंद झाला. तथापि जी भाषा घरातील मूल वाचू शकत नाही, तिचा दर्जा त्या घरापुरता तरी कागदावरच राहतो, हे आपण मान्य केले पाहिजे. म्हणून या अंकात मुलांना घरच्या घरी मराठी वाचावयास कसे शिकवावे, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या नगरीचा वारसा

वडोदऱ्यात राहणाऱ्यांना साक्षरतेचे महत्त्व परक्याने सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ साली नाशिककडील कवळाणे या खेड्यातून दत्तक म्हणून येथे आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. त्यानंतर त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषांचा अभ्यास केला. पुढे याच राजाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उभी राहिली व पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरू लागल्या. यातून दोन गोष्टी आपण घ्याव्यात. उशिरा आरंभ झाला तरी निराश होण्याचे कारण नाही, ही एक; आणि केवळ शाळा काढून भागत नाही, पुस्तक वाचणाऱ्याच्या दारापर्यंत न्यावे लागते, ही दुसरी.

आजची परिस्थिती निराळी आहे. आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. २०२३ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून आठवीपर्यंत गुजराती शिकविणे बंधनकारक झाले, ते योग्यच आहे. ज्या भूमीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तिची भाषा मुलांस आलीच पाहिजे. हिंदीही कानावर पडते. या सर्वांत मराठी वाचन शिकविणारे ठिकाण एकच उरते, आणि ते म्हणजे घर.

वाचन म्हणजे काय?

आरंभीच एक चूक कबूल करतो. आमच्याच घरातील थोरल्या मुलास चौथ्या वर्षीच बाराखडी घोकावयास बसविण्यात आले. सहाव्या वर्षी तो धडा खडाखडा वाचू लागला. आम्ही धन्य झालो. एके दिवशी सहज विचारले, "काय वाचलेस, ते सांग पाहू." मूल आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याने अक्षरे उच्चारली होती, वाचले काहीच नव्हते. पुढे दोन वर्षे पुस्तक काढले की त्याचे पोट दुखू लागे.

१९८६ साली गॉफ व टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे स्वरूप एका सोप्या गुणाकाराने मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखता येणे ही एक संख्या, ऐकलेली भाषा समजणे ही दुसरी. दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्यच येते. आमच्या मुलाच्या बाबतीत आम्ही एकीचीच काळजी वाहिली. उलट प्रारंभी सांगितलेल्या त्या नातवापाशी दुसरी संख्या भरपूर आहे, केवळ पहिली शून्य आहे. अशा मुलाचे काम अर्ध्याहून अधिक झालेलेच आहे, हे त्याच्या आईबापांनी लक्षात घ्यावे.

पहिली पायरी : कान

अक्षर दाखविण्यापूर्वी कान तयार करावा. तीन ते पाच या वयात पाटीपुस्तकाची घाई नको. मुलास मांडीवर घेऊन बडबडगीते म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, आणि शब्द हे लहान लहान ध्वनींचे बनलेले असतात हे खेळता खेळता त्याच्या ध्यानी आणून द्यावे.

भाजी निवडताना टाळ्यांचा खेळ खेळता येतो. 'पेरू' म्हणताना दोन टाळ्या, 'बटाटा' म्हणताना तीन. 'गाजर' या शब्दास मूल दोनच टाळ्या वाजवील. लिहिताना अक्षरे तीन असली तरी शेवटच्या 'र' मधला 'अ' आपण उच्चारीत नाही, त्यामुळे मुलाचे बरोबरच आहे. तेथे त्यास टोकू नये. मात्र पुढे लेखन शिकविताना याच जागी मूल अडखळते, हे पालकांनी स्मरणात ठेवावे.

दुसरा खेळ आपल्या परिचयाच्या भेंड्यांचा. गाण्यांऐवजी शब्द घ्यावेत. 'गाजर' वरून 'रताळे' आले की मूल 'ळ' पाशी अडते आणि विचारते, 'ळ' चा शब्द कोणता? मराठीत 'ळ' ने आरंभ होणारा शब्दच नाही, म्हणून आपण 'ल' घेतो. हा शोध मुलास स्वतःच लागू द्यावा. ज्याने तो स्वतः लावला, तो 'ळ' हे अक्षर पुन्हा विसरत नाही.

दुसरी पायरी : मांडीवरचे पुस्तक

दररोज पंधरा मिनिटे, शक्यतो ठराविक वेळी, मुलास जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवावे. वाचताना ओळीखालून बोट फिरवावे. त्यामुळे वाचन डावीकडून उजवीकडे जाते, एक ओळ संपली की डोळा खालच्या ओळीच्या आरंभी परत येतो, आणि चित्र नव्हे तर ती काळी अक्षरे बोलतात, हे मुलास न सांगता उमजते.

मध्येच थांबून विचारावे, "आता पुढे काय होईल?" "कोल्ह्याने असे का केले असेल?" 'हो' अथवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असा प्रश्न विचारू नये. मुलाने एकच गोष्ट वीस वेळा मागितली तर कंटाळू नये. पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात. मग एके दिवशी ते पुस्तक स्वतः हाती घेऊन, कदाचित उलटे धरून, सबंध गोष्ट पाठ म्हणून दाखवील. "हे काही खरे वाचन नव्हे," असे म्हणून त्यास हिणवू नये. वाचनाच्या वाटेवरील तो एक आवश्यक मुक्काम आहे.

हे काम आईनेच करावे असे मुळीच नाही. ज्या घरी आजीआजोबा आहेत, तेथे ते अधिक चांगले होते. कारण त्यांचे मराठी अधिक भरदार असते आणि त्यांस घाई नसते. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, त्यांनी तोंडी गोष्ट सांगावी. गुणाकारातील दुसरी संख्या तेथेच वाढते.

तिसरी पायरी : अक्षरओळख

साधारणपणे पाचव्या-सहाव्या वर्षी मूल दुकानाच्या पाटीवरील अक्षरांकडे बोट दाखवून "हे काय?" असे विचारू लागते. तो आरंभाचा मुहूर्त समजावा.

वर्णमालेचा क्रम ध्वनीशास्त्रदृष्ट्या उत्तम आहे, परंतु शिकविण्यास तो सोयीचाच असेल असे नाही. आपल्या वाडवडिलांनी 'ग म भ न' हा जो मार्ग रूढ केला, त्यात मोठे शहाणपण आहे. ही अक्षरे वळणाने जवळची व काढण्यास सोपी आहेत. शिवाय एवढ्या चारच अक्षरांत मन, नभ, नमन, गगन, गमन असे शब्द तयार होतात. चार अक्षरे येताच मूल शब्द वाचते. बावन्न अक्षरे संपेपर्यंत त्यास ताटकळावे लागत नाही.

त्यात 'र' मिळवावा. लगेच नगर, गरम, नरम आणि मगर हे शब्द हाती येतात. आमच्या विश्वामित्री नदीच्या काठी वाढलेल्या मुलास मगर कोणती, हे सांगावे लागत नाही. येथे वडोदऱ्याच्या मुलांना एक खास लाभ आहे. गुजरातीत 'मगर' हा शब्द तोच, आणि त्यातील तिन्ही अक्षरांची वळणे आपल्या अक्षरांशी मिळतीजुळती आहेत. फक्त डोक्यावर शिरोरेखा नाही. ज्या मुलास शाळेत गुजराती येऊ लागले आहे, त्याच्या वहीत हा शब्द गुजरातीत लिहून घ्यावा व वरून एक आडवी रेघ ओढावी. मराठी शब्द तयार! ग, घ, त, न, प, म, य, र, व, स ही अक्षरे अशा प्रकारे थोड्या श्रमाने साध्य होतात. अ, इ, ए, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल, ह यांची वळणे मात्र निराळी आहेत. ती मागाहून, एकेक करून, सावकाश शिकवावीत. शेजारची भाषा ही आपल्या भाषेची वैरीण नसून पायरी होऊ शकते, ती अशी.

यानंतर काना घ्यावा : मामा, नाग, राग, राम, गारा. मग दीर्घ वेलांटी : मामी, नानी. ऱ्हस्व वेलांटी त्यानंतर शिकवावी, कारण तीत एक गोम आहे. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार 'क' नंतर होतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, मूल मात्र येथे गोंधळते. "वेलांटी पुढे उभी राहते, पण बोलते मागाहून," एवढे त्यास हसत सांगावे.

एकूण आकृती किती, याचा पालकांनी एकदा हिशेब करावा. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतील बारा रूपे धरली तर त्यांचीच संख्या चारशे आठ होते. आता 'ॲ' व 'ऑ' ही रूपे धरून चौदाखडी म्हणतात, तेव्हा ती आणखी वाढते. आणि जोडाक्षरे निराळीच. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांशी याची तुलना करून "आमचे मूल मागे का?" असे म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या लिपीशी रचनेने सदृश असलेल्या कन्नड लिपीतील मुलांच्या वाचनाचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. अशा लिपीत अक्षरओळख पूर्ण होण्यास प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात, असे त्यात आढळून आले. म्हणून धीर धरावा. आपल्या लिपीत आरंभ लांबतो खरा, परंतु एकदा अक्षर पक्के झाले की अनोळखी शब्दही बहुधा बरोबर वाचता येतो.

अडणाऱ्या जागा

काही ठिकाणी आपली मुले हमखास अडतात. त्या आधीच ठाऊक असल्या तर शिकविणाऱ्याचा राग आवरतो.

'चार' आणि 'चाक' यांत 'च' एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत. 'ज' व 'झ' यांचेही तसेच. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो कानानेच कळतो. ज्या मुलाने घरी पुष्कळ मराठी ऐकली आहे, ते आपोआप योग्य उच्चार करते. हिंदी वा गुजरातीच्या सवयीने चुकले तर नियम न सांगता तो शब्द आपण एकदा बरोबर म्हणून पुढे जावे.

'ज्ञ' चा उच्चार हिंदीत 'ग्य' सारखा, गुजरातीत 'ग्न' सारखा, आणि मराठीत 'द्न्य' सारखा होतो. तिन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत, असे मुलास सांगावे.

'र' हे तर बहुरूपी अक्षर. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या या चार शब्दांत त्याची चार सोंगे दिसतात. ती एकाच दिवशी शिकवू नयेत. रफार डोक्यावर बसतो, पण ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो, हे 'सूर्य' हा शब्द सावकाश म्हणून दाखवावे. 'ल' व 'श' ही अक्षरे छापील मजकुरात दोन वळणांची आढळतात. दोन्ही मुलास दाखवून ठेवावीत.

काय करू नये

चुकीच्या वेळी टोकू नये. मूल एखाद्या शब्दापाशी अडले तर मनात पाच अंक मोजावेत. बहुतेक वेळा तोपर्यंत ते स्वतःच वाचते. न वाचल्यास पहिले अक्षर सुचवावे. तरीही न जमल्यास शब्द सांगून टाकावा व गोष्ट पुढे न्यावी. प्रत्येक ओळीत दहा वेळा अडण्याइतके पुस्तक कठीण असेल, तर दोष मुलाचा नसून पुस्तकाच्या निवडीचा आहे.

पाहुण्यांसमोर वाचून दाखविण्याची सक्ती करू नये. भावंडांशी तुलना करू नये. बोटांत बळ येण्यापूर्वी पेन्सिल धरावयास लावू नये. वाळूत, रांगोळीत, पिठात बोटाने अक्षर गिरविणे पुरेसे आहे. वाचन ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. भ्रमणध्वनीवर चालती चित्रे दाखवून मुलास जेवू घालण्याची प्रथा वाढत आहे. त्या यंत्राशी मुलाचे संभाषण होत नाही, आणि संभाषणावाचून भाषा वाढत नाही.

अक्षर उलटे काढणे हे पाच-सहा वर्षांच्या मुलांत सर्रास आढळते; त्याने भिऊन जाऊ नये. परंतु प्रेमाने व नियमाने शिकवूनही आठव्या वर्षापर्यंत साधे शब्द वाचता येत नसतील, तर प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. काही बुद्धिमान मुलांनाही वाचनाची विशिष्ट अडचण जन्मतः असते. तिला आळस म्हणणे हे अज्ञान होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे, आणि अशा मुलांना योग्य साहाय्य मिळाल्यास ती वाचू लागतात.

थोरांचा मार्ग

मुलांना धाकाने नव्हे तर आनंदाने शिकवावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९२० साली भावनगरात गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर आरंभिले. तेथे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक मराठी होत्या. पुढे त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्यासह, आदिवासी मुलांसाठी अंगणात व गुरांच्या कुरणात शाळा भरविल्या. शाळेत मूल येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हे त्यांचे सूत्र होते. गुजराती व मराठी या दोन भाषांच्या सहकार्यातून बालशिक्षणाचा पाया घातला गेला, ही गोष्ट आपणांस विशेष अभिमानाची वाटली पाहिजे. ज्यांनी कुरणात शाळा भरविली, त्यांच्या वारसांना स्वतःच्या ओसरीवर पंधरा मिनिटे बसणे जड का वाटावे?

पुस्तकांची उणीव ही सबब आता उरलेली नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत असून त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या प्रत्येकाच्या कपाटात मोठ्या झालेल्या मुलांची पुस्तके पडून असतात. ती मंदिराच्या ओवरीतील एका फळीवर आणून ठेवली, तर संस्थानाच्या काळच्या त्या पेट्यांचे काम आपणही थोडेसे करू.

या महिन्याचा पाठ

ज्यांच्या घरी तीन ते आठ वर्षांची मुले आहेत, त्यांनी येत्या महिन्यात एवढेच करावे. पहिल्या आठवड्यात रोज एक गोष्ट सांगावी व टाळ्यांचा खेळ खेळावा. दुसऱ्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे बोट फिरवून वाचून दाखवावे. तिसऱ्या आठवड्यात, मूल तयार असल्यास, ग, म, भ, न ही चार अक्षरे व त्यांचे शब्द घ्यावेत. चौथ्या आठवड्यात 'र' मिळवून मुलास 'मगर' वाचू द्यावी आणि नदीच्या पुलावरून ती दिसते का, हे पाहावयास न्यावे. मूल तयार नसल्यास पहिले दोन आठवडेच पुन्हा करावेत. त्यात काहीही वाया जात नाही.

त्या नातवाविषयी सांगावयाचे राहिले. आजोबांनी घरी जाऊन काही उपदेश केला नाही. त्यांनी ती घडी केलेली पत्रिका पुन्हा उलगडली आणि नातवाला म्हणाले, "मला अक्षर दिसत नाही, पण त्याचे वळण तोंडी सांगता येते. तू पाहून सांग, मी ओळखतो." मुलगा वर्णन करू लागला : एक उभी रेघ, तिच्या डाव्या बाजूस एक गाठ, वर आडवी रेघ. आजोबा म्हणत, "तो म." अशा रीतीने दोघांनी मिळून ती पत्रिका चार संध्याकाळी वाचून संपविली. कार्यक्रम तोपर्यंत होऊन गेला होता. पण परवा तो मुलगा मंदिरातील फळ्यावरची सूचना, अडखळत का होईना, आजोबांना मोठ्याने वाचून दाखवीत असताना आम्ही पाहिला. दोन ठिकाणी त्याची चूक झाली. आजोबांनी ती ऐकली असावी. परंतु ते काही बोलले नाहीत.